महाराणीची शेवटची कात

माझ्या मावशीला 'नको' हा शब्द कळत नाही. उभी हयात तिनं बस डेपोच्या कॅन्टीनमध्ये वाढायचं काम केलं. एखाद्या ड्रायव्हरनं ताटावर आडवा हात धरला, की ही बोटांच्या फटीतून डाव रिकामा करायची. "नको म्हणायची रीत असते, पोट वेगळंच सांगत असतं," हे तिचं तत्त्वज्ञान. त्या डेपोत एकाही कंडक्टरच्या शर्टाचं खालचं बटण लागत नव्हतं.

काम सुटल्यावर ती माझ्याकडे राहायला आली आणि वाढायला एकटी मी उरले. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते, दिवसभर बाहेर. मग तिची नजर बरणीकडे वळली.

बरणीत माझी महाराणी होती. प्रार्थनाकीटक. हिरवीगार, पुढचे काटेरी पाय जोडून बसणारी. मुंगीएवढी होती तेव्हापासून मी तिला वाढवलेलं. मेलेलं काही ती तोंडाला लावत नसे. जिवंत रातकिडा चिमट्यात धरून समोर नाचवायचा, मग झडप, आणि थेट डोक्यापासून सुरुवात. पहिल्यांदा पाहून मावशीनं तोंड वाकडं केलं. थोड्याच दिवसांत तीच चिमटा घेऊन "खा गं बाई, किती रोडावलीस" करत बसायला लागली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग महाराणीनं खाणं सोडलं आणि झाकणाच्या जाळीला उलटी टांगून बसली. ती शेवटची कात टाकणार होती. या कातेतून तिला पंख फुटणार होते. त्या पंखांसाठी मी इतके महिने जिवाचं रान केलं होतं. मावशीला समोर बसवून सांगितलं, "कात टाकताना तिचं अंग लोण्यासारखं मऊ असतं, तिला हलताही येत नाही. आत रातकिडा असला तर तोच तिला कुरतडेल. काही म्हणजे काही घालायचं नाही. कळलं?"

"कळलं गं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

कळलं होतं म्हणे. दुसऱ्या संध्याकाळी घरी आले तर मावशी दारातच. "नुसता एक घातला, छोटासाच. ती उपाशी, आणि मला घास उतरेना."

कात अर्धी सुटली होती. महाराणी तिच्यात अडकलेली, पंख चुरगळलेले, आणि रातकिडा तिच्या पोटाशी बसून निवांत खात होता. मी तिला ओढून बाहेर काढलं. थोड्या वेळानं पाय हलायचे थांबले.

माझं डोकंच फिरलं. "तिनं नको म्हटलं होतं, मावशी. तोंड फिरवलं, स्वतःला उलटं टांगून घेतलं. त्या मुक्या जिवानं आणखी कसं सांगायचं होतं तुला? आणि मी सांगितलं ते काय भिंतीला?"

मावशी खाली बसून ढसाढसा रडली. मला दया आली नाही. अजूनही येत नाही.

महाराणीला कुंडीत पुरून आत आले, तर ही नाक ओढत ओट्याशी गाजर कापतेय.

"हे कुणाला?"

"तो आहे ना अजून बरणीत."

"त्याचं जेवण झालंय, मावशी."

"कुठे झालंय? तू मधूनच उठवलंस त्याला," ती म्हणाली आणि गाजराची चकती आत टाकली.