राणीछाप नाणं बद्द वाजलं

आज जपाला बसले, पण मण्यामण्यावर वन्संचंच नाव. देवा, तूच बघ.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, चाळीस वर्षं दुकानादुकानांतले तराजू दुरुस्त करत हिंडले. जुने दुकानदार वजन म्हणून परक्यांच्या राज्यातली, बरोब्बर एका तोळ्याची चांदीची नाणी वापरायचे. मामंजी त्यांना पक्कं वजन द्यायचे आणि नाणं मागून घ्यायचे. घरी आले की ते फरशीवर टाकायचे. खणखणीत वाजलं तरच डब्यात. सगळे हसायचे. त्यांच्या लेकीने, आमच्या वन्संनी, तर नावच ठेवलं होतं, "बाबांचं भंगारखातं!"

गेल्या महिन्यात लिलाववाला आला. एक राणीछाप नाणं भिंगाखाली धरलं आणि उठून उभाच राहिला. "आजोबा, या सालची फार थोडी निघालीत. यादीत पहिलं लावतो." बोली म्हणे ह्यांच्या सहा पगारांपासून सुरू. मामंजींना पैशाचं काही नव्हतं. यादीचं ते छापील पान त्यांना फक्त एकदा लेकीपुढे धरायचं होतं.

आणि लेक? न विचारता डबा उघडून नेमकं तेच नाणं घेऊन गेली. परवा गळ्यात घालूनच आली. घासून लखलखीत, वर सोनाराने तापवून जोडलेली कडी.

"बाबा, बघा! भंगाराचं सोनं केलं!"

"कडीला डाख लावला?" मामंजींनी एवढंच विचारलं.

"मग काय, दोऱ्याने बांधू? वहिनी, चहा टाक ना."

काल मामंजींनी ते तिच्याकडून मागून घेऊन लिलाववाल्याला दाखवलं, तर त्याने मान हलवली. "डाख लागलेलं यादीत जात नाही, आजोबा. आता चांदीच्या भावात द्या."

आज मामंजींनी ते फरशीवर टाकलं. बद्द. मग काट्यावर तोळ्याच्या वजनासमोर ठेवलं. कडीच्या भाराने पारडं खाली गेलं.

"आता वजनालाही खोटं," ते म्हणाले आणि नाणं लेकीपुढे धरलं. "घे."

वन्संनी खुशाल गळ्यात घातलं! आरशात मान वळवून बघितलं. "वहिनी, साखळी जरा लांब हवी होती का गं?"

चौदा वर्षांत त्यांना उलटून बोलले नव्हते. आज म्हटलं, "वन्सं, मामंजींनी नाणी वाजवून घेतली, तसं कधी तुम्हालाही वाजवून बघायला हवं होतं."

पाय आपटत गेल्या. मामंजी काट्याची पारडी पुसत बसले होते, त्यांनी वर पाहिलं नाही.

देवा, क्षमा उद्या मागेन. आज मागितली तर ती खोटी होईल.