विद्यालक्ष्मी टीचरचं एक खोटं

माझी थोरली बहीण विद्यालक्ष्मी जन्मात कधी खोटं बोलली नाही, असं तिच्या शाळेत सगळेच म्हणत. बोलली होती. एकदाच, आणि एकच शब्द. पण त्या शब्दाने एका बाईची नोकरी गेली, आणि पंचवीस वर्षं अक्काने ते कुणाला, म्हणजे मलाही, सांगितलं नाही.

आम्ही तंजावरचे मराठी. घरात मराठी म्हणून आम्ही जे बोलतो ते ऐकून पुण्याचे पाहुणे गालात हसतात, हसोत बापडे. मी, मूर्ती, बंदराच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालो. अक्काने जॉर्ज टाउनमधल्या एका मिशनच्या मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलं. तिने लग्न केलं नाही, माझी बायको लवकर गेली, तेव्हा आता अड्यारच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं म्हातारे एकमेकांच्या चुका काढत राहतो. त्यात अर्थात ती वरचढ. साडेचौतीस मार्कांवर तिने कधी कुणाला पस्तीस दिले नाहीत. शाळेच्या सेक्रेटरीच्या नातीला नापास केलं, आणि मग त्याच पोरीला घरी बोलावून महिनाभर शिकवलं. अशा माणसाबरोबर एका छपराखाली राहणं काय असतं, ते मला विचारा.

झालं ते असं. १९९९ सालची सहामाही. दहावीचा गणिताचा पेपर फुटला. पेपर अक्कानेच काढलेला, छापून आलेला गठ्ठाही तिच्याच ताब्यात. तो कपाटात ठेवून कुलूप लावायचं सोडून ती टेबलावर डब्याखाली ठेवून वर्गावर गेली. घाई होती, इतकंच. एका मुलीने त्यातला एक कागद लांबवला. चौकशीच्या दिवशी हेडमिस्ट्रेस सिस्टरनी चॅपलसमोरच्या व्हरांड्यात अक्काला विचारलं, "पेपर कुलपात होते ना?" अक्का म्हणाली, "होते."

कपाटाची दुसरी किल्ली झाडलोट करणाऱ्या विमलाकडे असायची. विमला मेरी, शाळेतली आया, नवरा वारलेला. कपाट तिनेच उघडलं असं ठरवून तिला त्याच आठवड्यात काढून टाकलं. तिची मुलगी जेसिंता त्याच शाळेत आठवीत होती, आईच्या नोकरीमुळे फी माफ होती. तिचंही नाव कमी झालं. पुढे ती पोरगी शिकली नाही, आईबरोबर लोकांच्या घरी भांडी घासायला लागली.

हे सगळं मला कळलं ते गेल्या जानेवारीत. जुन्या विद्यार्थिनींनी अक्काचा सत्कार केला, शाल घातली, आणि भाषणात कुणीतरी म्हणालं, आमच्या टीचर आयुष्यात कधी खोटं बोलल्या नाहीत. अक्का घरी आली ती जेवलीच नाही. रात्रीचा दहीभात तसाच राहिला. सकाळी तिने मला समोर बसवून सगळं सांगितलं, पाढे म्हणावेत तसं, न थांबता.

मी म्हटलं, "अक्का, पंचवीस वर्षं झाली. आतां सोड."

"तुला सोडाया काय जातं? तूं बोललास काय खोटं?"

मग कळलं की तिने आपल्या परीने बरंच करून पाहिलं होतं. एकादशा केल्या, रामेश्वरला बावीस कुंडांचं स्नान केलं, आणि कॉफी सोडली. मी समजत होतो पित्तामुळे सोडली. तंजावरच्या माणसाने कॉफी सोडायची म्हणजे काय, हे आमच्यातल्यालाच कळेल. तरी आतलं खुपणं गेलं नाही. आता तिने ठरवलं होतं की चर्चमध्ये जाऊन कबुली द्यायची.

"हे कशाला? आपले देव संपले काय?"

"खोटं चॅपलासमोर बोललें, मूर्ती. विमलाच्या देवासमोर. माफी तिथंच मागाया पाहिजे."

कचेरीत आम्ही म्हणायचो, ज्या सेक्शनची फाईल त्याच सेक्शनकडे पाठवा. मी मुकाट्याने रिक्षा बोलावली.

शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये कबुलीसाठी रांग होती. अक्का सातवी. हातात घडी घातलेला कागद, त्यावर मुद्दे. लाकडी पडद्यापाशी जाऊन ती गुडघे टेकून बसली, आणि दोन मिनिटांत पडद्याआडून कबुली ऐकणारा फादरच उठून बाहेर आला. तरुण माणूस, पायात रबरी चपला. त्याने आम्हाला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं, रांग संपवून आला, आणि अक्काला म्हणाला, "अम्मा, तुमचा बाप्तिस्मा झालेला नाही, म्हणून कबुलीचा संस्कार मला तुम्हाला देता येत नाही. पण ऐकायला मला कोण अडवतंय?"

त्याने ऐकलं. ऐकून झाल्यावर अक्का म्हणाली, "आता प्रायश्चित्त सांगा. कठीण सांगा."

"आमच्यातही प्रायश्चित्त सांगतात," तो म्हणाला, "पण ती क्षमेची किंमत नव्हे. देवाची क्षमा कमावता येत नाही. केलं ते कबूल करायचं आणि हात पुढे करायचा, तो देतो. तुम्ही हात मागे बांधून उभ्या आहात आणि छडी मागताय."

"म्हणजे मी सुटले, आणि ती बाई तिकडे बसली आहे तशीच?"

"असं कुठे म्हटलं मी? देवाकडे आलात, तशा आता तिच्याकडे जा. ती क्षमा करीलच असं नाही. तिच्या मागे लागू नका. देवाची दया तिच्या होकारावर अडलेली नाही, पण तिच्या दारात तुम्हाला जायलाच हवं."

मला त्याचं बोलणं पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. चूक करणाऱ्याला दया इतकी स्वस्त, तर सोसणाऱ्याने काय करायचं? अक्काला तर रागच आला. पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या जुन्या शिपायाला फोन लावून विमलाचा पत्ता काढायला तिने मला बसवलंच. पत्ता चार दिवसांनी मिळाला.

शोळिंगनल्लूरला, कॉम्प्युटर कंपन्यांच्या मागच्या गल्लीत, जेसिंता टिफिन सेंटर चालवते. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. मधल्या अंगणात सत्तरीची विमला सांबारचे छोटे कांदे सोलत बसली होती. तिने अक्काला लगेच ओळखलं आणि उठायला लागली. अक्काने तिला बसवलं. स्वतः मात्र पुढे केलेल्या स्टुलावर बसेना. फळ्यासमोर उभी राहायची तशी उभी राहिली आणि बोलली, कागद न काढता: पेपर कुलपात नव्हते, मी खोटं बोलले, तुझी नोकरी माझ्यामुळे गेली.

विमला कांदे सोलत राहिली. म्हणाली, "माहीत आहे, टीचर. झाडायला आले तेव्हा गठ्ठा डब्याखाली दिसला होता. आत ठेवावा असं वाटलं, पण कागदांना हात लावलेला तुम्हाला खपायचा नाही."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले की. सिस्टर म्हणाल्या, विद्यालक्ष्मी टीचर खोटं बोलत नाहीत."

अक्काने भिंतीला हात टेकला.

"आमच्या रोजच्या प्रार्थनेत एक ओळ असते," विमला म्हणाली. "आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाची. दोन वर्षं ती ओळ आली की मी तोंड मिटून घ्यायची. देवाशी खोटं कसं बोलू? मग एका रविवारी सगळ्यांबरोबर तोंडातून निघून गेली. घाबरलेच. आता बोललेय तर करायला पाहिजे, म्हणून रोज तुमचं नाव घेऊन म्हणायला लागले. सुरुवातीला दातओठ खाऊनच. खरं कधी झालं ते कळलं नाही. पण झालं. वीस वर्षं तरी झाली."

"मला न विचारता?" अक्का म्हणाली. माझी बहीण अशी आहे.

विमला हसली. "तुम्हाला काय विचारायचं, टीचर?"

तेवढ्यात दुकानातून जेसिंता आत आली. चाळिशीकडे झुकलेली, हाताला पीठ. तिने सगळं ऐकलं होतं. अक्का तिच्याकडे वळली आणि तिचीही माफी मागितली.

"अम्माने केलं माफ," जेसिंता म्हणाली. "मी नाही. मीही दर रविवारी जाते. ती ओळ आली की माझं तोंड अजून बंद होतं."

"बरोबर आहे," अक्का म्हणाली. "मी काय करू, ते सांग."

जेसिंताने हाताचं पीठ पुसलं. मग दुकानातली ऑर्डर लिहायची वही आणून अक्कापुढे धरली. "इथे लिहून द्या. तुमच्या हाताने, तमिळमध्ये."

अक्काने उभ्यानेच, वही भिंतीला लावून लिहिलं. तीन ओळी, खाली सही आणि तारीख. जेसिंताने त्या आधी मनात वाचल्या, मग आईला मोठ्याने वाचून दाखवल्या. पेपर टेबलावर होते. मी खोटं बोलले. विमला मेरीने कपाट उघडलं नव्हतं.

वीस वर्षांपूर्वी क्षमा करून मोकळी झालेली ती बाई तेव्हा रडली. हातातला कांदा परडीत टाकून, पदर तोंडावर घेऊन, लहान मुलीसारखी हमसून रडली. "पुन्हा वाच," म्हणाली. जेसिंताने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं.

मग तिने वही मिटली, पायाने स्टूल अक्काकडे सरकवलं आणि म्हणाली, "बसा, टीचर. अम्माला एकटीला रडायला लावू नका."

अक्का बसली.