आणायला कोण जाणार

"द्यायला कोणीही जाईल हो. आणायला कोण जाणार ते बोला."

नवा स्वयंसेवक दारात आला की ताई त्याला आधी हे विचारायच्या, पाणी नंतर. आमची संस्था ठाण्याच्या नौपाड्यात, एका दवाखान्यामागच्या गाळ्यात. चाकांची खुर्ची, वॉकर, हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर करता येते तो पलंग, अशा वस्तू आम्ही आजारी माणसांच्या घरी वापरायला देतो आणि गरज संपली की परत आणतो. गरज संपली म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. माणूस बरा झाला म्हणून पलंग परत आला, असं क्वचितच होतं.

ताई डोंबिवलीहून यायच्या. आल्या की पदर खोचून, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन पलंगांच्या हँडलांमागे लागायच्या. "आवाज नाही आला पाहिजे. ज्या घरात आधीच झोप नाही, तिथे आणि ही कुरकुर कशाला?"

मी तिथे गेलो तो बायकोमुळे. "आम्हाला त्याच त्याच गोष्टी सांगतोस, त्यापेक्षा कुठेतरी उपयोगी पड," ती म्हणाली. सोसायटीच्या गणपतीच्या स्मरणिकेत माझे दोन विनोदी लेख आलेले. तेवढ्या भांडवलावर ताईंनी मला स्वयंसेवकांसाठी पुस्तिका लिहायला बसवलं.

मी सुरुवात दणक्यात केली. 'सेवा हा मानवी जीवनाचा गाभा आहे,' वगैरे. ताईंनी चष्मा वर सरकवून वाचलं.

"लेखक, पलंग तिसऱ्या मजल्यावर न्यायचाय. लिफ्ट नाही. हा गाभा कुठल्या बाजूने धरायचा?"

गाभा गेला. मागोमाग माझे विनोद गेले. उरलं ते असं: आधी जिना बघून यावा. हँडल आपण फिरवून दाखवू नये, घरातल्या माणसाला फिरवू द्यावं. रुग्णाशी बोलावं, त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलू नये.

"ताई, हे म्हणजे औषधाच्या चिठ्ठीसारखं झालं."

"मग? चिठ्ठी लोक सांभाळून तरी ठेवतात. स्मरणिकेचं काय होतं?"

आमच्या घरी स्मरणिका कपाटाच्या तळाशी अंथरलेली होती. मी पुढचं पान घेतलं.

पलंग परत आणायच्या पानावर मात्र गाडी अडली. ताई सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. घरच्यांचा फोन आल्यावरच जायचं, आपण करायचा नाही. गेल्यावर आधी बसायचं. पाणी दिलं तर नको म्हणायचं नाही. "इतके महिने त्या हातांना कोणाला तरी पाणी पाजायची सवय लागलेली असते हो."

"आणि फोन आलाच नाही तर?" मी विचारलं.

ताई बाटलीचं झाकण लावत राहिल्या. "मागे वर्तकनगरला एकांकडे मी केलेला फोन. पलंगाला मागणी होती. त्या गृहस्थांनी लगेच दिला. वर माझीच माफी मागितली, उशीर झाला म्हणून. त्यानंतर नाही केला मी कोणाला."

"मग काय लिहू?"

"जागा सोडा. सुचलं की सांगते."

त्या रिकाम्या जागेपायी पुस्तिका छापायची राहिली. आणि मग एक पलंग ताईंच्याच घरी न्यायची वेळ आली. त्यांनी स्वतः फोन केला. "जिना बघायला येऊ नका, लेखक. मी रोज बघते तो."

तिसरा मजला, लिफ्ट नाही. पलंग लावून झाला. मी सवयीने हँडलला हात घातला, तशा ताई खुर्चीतून म्हणाल्या, "अंहं. ह्यांना फिरवू द्या." ताईंच्या यजमानांनी, काकांनी, जपून फिरवलं. अजिबात आवाज आला नाही.

निघताना काका आत गेलेले बघून मी त्या जागेचं विचारलं.

"नाही सुचलं अजून. पण आता सुचायला हवं," ताई म्हणाल्या. "ह्यांचा फोन यायचा नाही."

ताई गेल्या. फोन आला नाही. तेरावा झाला, पुढे महिना उलटला. मग कल्याणच्या एका घरातून पलंगाची मागणी आली आणि गाळ्यात तर एकही पलंग नव्हता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी गेलो. आधी बसलो. काकांनी पाणी आणलं, ते पूर्ण प्यायलो. समोर पलंग होता, डोक्याकडची बाजू वर केलेली. त्यावर काकांची चादर, काकांचा चष्मा.

"मीच झोपतो आता त्यावर," काका म्हणाले. "ती बाजू खाली नाही केली. तिला तेवढीच लागायची." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "खाली टेम्पो उभा असेल ना?"

"नाही काका. मी नुसताच आलोय."

त्यांनी माझा रिकामा पेला उचलला. "मग चहा टाकतो," म्हणाले.

कल्याणच्या घरासाठी आम्ही दुसऱ्या एका संस्थेकडून पलंग मागून आणला. पुस्तिका छापून झाली. सोडलेल्या जागी एक ओळ गेली: फोन आला नाही, तर टेम्पो न घेता जावं. ताईंनी ती ठेवली असती की गाभ्याबरोबर काढून टाकली असती, कोण जाणे.

त्या दिवशी काका आत आधण ठेवत होते, तेव्हा मी पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि हँडलमध्ये दोन थेंब सोडले. फिरवून मात्र पाहिलं नाही.