एकाच तारेचे बीट्स

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आदिलाबादच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. पण हे घडलं ते माझ्याच विषयातलं... म्हणून लिहितोय.

माझी मोठी बहीण, शांताताई, तामसीजवळच्या खेड्यात राहते. भजनं गाते. गळ्यातली गाठ काढायला तिला नागपूरला भरती केलं होतं. आवाज बदलू शकतो, असं डॉक्टर आधीच बोलले होते. ती मला एवढंच म्हणाली, "माह्या तंबोऱ्याचा आवाज फोनमधे भरून आण रे. ऐकत पडून राहीन."

भावजी, म्हणजे ताईचे यजमान, तिचे कपडे न्यायला गावी आले होते, मीही तिथे पोचलो. दुपारी दोघं तंबोरा घेऊन बसलो. मधल्या दोन तारा एकाच सुरात लागतात. किंचित फरक राहिला की आवाज वंऽ वंऽ असा कमी-जास्त होतो — हेच बीट्स. सूर जुळला की ते थांबतात. पण त्याला दोन आवाज लागतात. मी एकच तार छेडली होती, बाकीच्यांत फडकं अडकवलेलं. तरी वंऽ वंऽ...

"हे काऊन घुमून राह्यलं?" भावजी म्हणाले. त्यांनी मेन स्विच बंद केला. पंखा थांबला, फ्रीज थांबला. घुमणं तसंच.

खराब तार एकटीही घुमते, हे मला माहीत आहे. पण खुंटी सैल केली तसे बीट्स संथ होत गेले. म्हणजे खोलीत दुसरा आवाज होता, आणि त्याचा सूर जागचा हलत नव्हता. आणखी जरा उतरवली, बीट्स थांबले. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. तो सूर ताईच्या नेहमीच्या पट्टीच्या, काळी चारच्या, जरासा खाली होता, पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधेच. का कोण जाणे, मी सगळा तंबोरा त्याच सुरात लावला आणि रेकॉर्ड केला.

ऑपरेशननंतर ताईला बोलता येत नव्हतं. इअरफोन लावताच तिने हाताने खूण केली — सूर खाली आहे. मी इअरफोन काढायला गेलो. पण तिने तो काढू दिला नाही.

काही महिन्यांनी ती गायली. आवाज थोडा उतरलेला. पेटीच्या कुठल्याच पट्टीवर बसेना, भजनी मंडळ वैतागलं. मी ते रेकॉर्डिंग लावलं... तंतोतंत. एकही बीट नाही. भावजी रडत होते.

आता म्हणाल, रोज तेच ऐकलं म्हणून गळा तिथे बसला. मीही तसंच समजतो. पण त्या दुपारी दुसरा आवाज कोणाचा होता, ते मला सांगता येत नाही.