कमळाबाईची शिरगणती

कमळाबाई वारल्याचं मला भर आठवडी बाजारात कळलं. मी वांगी निवडत होतो. तिच्या शेजारी मासोळी विकायला बसणारी म्हातारी लांबूनच ओरडली, "गुरुजी, आमची कमळाबाई सरली ना जी सकाळी!" वांग्यांची पिशवी तिथंच टाकून मी ढिवरटोल्याकडे, तिच्या मासेमारांच्या वस्तीकडे निघालो. महिना होऊन गेला, पण बाजारात गेलं की त्या मासोळीच्या ओळीकडे अजून बघवत नाही.

आमचं गाव गोंडपिपरीच्या खाली, वर्धा नदीच्या काठावर. नकाशात असलंच तर इतक्या बारीक अक्षरात की चष्मा लावूनही सापडू नये. तीस वर्षं मी चौथीच्या पोरांना ते शिकवत आलो. इतिहास म्हणाल तर गोंडराजाच्या काळातली पडकी वेस आणि शेंदूर फासलेला एक दगड. भूगोल म्हणजे नदी, धान, कापूस आणि पलीकडच्या काठावर आंध्र. लोकसंख्या फळ्यावर लिहायची आणि दहा वर्षांनी बदलायची. एकदा डोक्यावर टोपली घेऊन कमळाबाई खिडकीशी उभी राहून हे सगळं ऐकत होती. मधेच म्हणाली, "गुरुजी, यात आमचा टोला कुठी आहे?" मी म्हटलं, "गावातच धरलाय, बाई." तर म्हणते, "धरला का? पूर येते तवा तं कोणी धरत नाई." पोरं खिदळली. मी जाम चिडलो. खरं बोलणाऱ्या माणसावर मी आधी चिडतो, मग विचार करतो. जुनी खोड आहे.

तरी आमची गट्टी जमली. तिचा एकुलता एक मुलगा सुखदेव माझ्याच हाताखाली शिकला होता. पोरगा हुशार, पण मिसरूड फुटलं तसा टोल्यातल्या इतरांबरोबर मिरची तोडायला आंध्रात जाऊ लागला. एका वर्षी तिथंच थांबला. तिथल्याच एका तेलुगू मुलीशी लग्न केलं आणि मायला निरोप धाडला. कमळाबाईने उलट निरोप पाठवला, "तिले घेऊन माह्या दारात येऊ नोको." रागात बोलली बिचारी. नंतर किती पस्तावली ते मला ठाऊक आहे. सुखदेवची झोपडी तिच्या घराला लागूनच, कडी घातलेली. रोज सकाळी स्वतःच्या अंगणात सडा टाकला की ती त्याच्याही अंगणात टाकायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "घर बंद आहे. मेलं नाई."

दोन हजार एकच्या जनगणनेत हा टोला माझ्या वाट्याला आला. फेब्रुवारीचा महिना, म्हणजे ऐन मिरचीचा हंगाम. एकोणीस घरांपैकी चौदांना कुलूप. म्हातारी-कोतारी मागे राहिलेली. मी आपला नियमाचा माणूस. कागदावर "बंद", "बंद" लिहीत सुटलो. कमळाबाई माझ्या मागे मागे. शेवटी तिला राहवेना.

"गुरुजी, ह्या मानसांइले काऊन नाई लिवून राह्यले तुमी?"

"ते इथं नाहीत, बाई. जिथं आहेत तिथले लोक लिहितील."

"मिरचीच्या वावरात, पालाच्या खोपटात? कोण जाते तिथी वही घेऊन?"

अडलो की मी आवाज चढवतो, तसा चढवला. "अहो, नियम आहे! या वीस दिवसांत एक दिवस जरी माणूस आपल्या घरी राहिला तर लिहिता येतो. नाहीतर नाही."

"एक दिवस?" ती म्हणाली. "एक दिवस पुरते का?"

"पुरतो."

दुसऱ्या दिवशी ती गावात नव्हती. डोंग्यात बसून नदी ओलांडली, पुढे बस, पुढे पायी... साठी उलटलेली बाई, तेलुगूचा एक शब्द येत नाही, आणि वावरोवावरी फिरून आपली माणसं हुडकत होती. पाचव्या दिवशी शाळेत निरोप आला, गुरुजींना टोल्यावर बोलावलंय. गेलो, तर बंद घरांपुढे माणसं उभी! रोजी बुडवून आलेली, हाताला तिखटाचा वास, बायांच्या कडेवर लेकरं. चौदापैकी अकरा घरं उघडली होती. मी खाली बसून एकेक नाव लिहीत गेलो. याच माणसांना मी "बंद" लिहून मोकळा झालो होतो.

सुखदेवच्या झोपडीची कडी मात्र तशीच होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती नदीकडे पाहत होती.

"भेटला का?"

"भेटला. जेवू घातलं सुनेनं. चांगली आहे पोरगी... मी म्हटलं चाल. तं म्हणे, तूच म्हणली होती येऊ नोको."

मी पेन धरून बसलो. एक नाव. कोण बघणार होतं? माझ्या मनातलं तिने ओळखलं असावं. म्हणाली, "त्याले नोका लिवू, गुरुजी. आला नाई तो. आता डाव कवा येते शिरगणतीचा?"

"दहा वर्षांनी."

"मंग तवरक मले जगा लागन."

तेव्हापासून ती भेटली की हेच. "किती वर्स राह्यले, गुरुजी?" आठ, बाई. सात, बाई. तिने तापात अंथरूण धरलं तेव्हा मी म्हटलं, आता चारच राहिली. ती हसली. मला त्या हसण्याने फार त्रास दिला.

तेरवीला सुखदेव आला, बायको-पोरांना घेऊन. केस पिकलेले. सगळे उठून गेल्यावर तो आपल्या झोपडीपुढे उभा होता. दाराशेजारी भिंतीवर गेरूने लिहिलेला एक आकडा होता. जनगणनेच्या आधी घरांना नंबर टाकतात, तो मीच टाकलेला. टोल्यातल्या इतर घरांचे आकडे कधीच सारवणात गेले होते. इथं मात्र कमळाबाईने दरवर्षी भिंत सारवताना तेवढी जागा सोडली होती. थरावर थर चढून भोवतालची भिंत जाड झाली होती आणि आकडा खोलगट कोनाड्यात बसल्यासारखा दिसत होता.

त्याने त्यावरून बोट फिरवलं. "गुरुजी, मायनं तवा मले लिवलं होतं का?"

खोटी माहिती देणं गुन्हा आहे, असं त्या वीस दिवसांत मीच दारोदार बजावत फिरलो होतो.

"लिहिलं होतं," मी म्हणालो. "तिच्या खाली तुझंच नाव."

तो तिथंच उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

परवा टोल्यावर गेलो. त्याची बायको भिंत सारवत होती. तो मागे उभा राहून तिला तेलुगूत काहीतरी सांगत होता. मला तेलुगू येत नाही. पण तिचा हात आकड्याशी आला, थांबला, आणि वळसा घालून पुढे गेला.