मुंबईची चाचणी अकोल्यात

ताईचा स्तनाचा कर्करोग उलटला तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरांनी मुंबईचं नाव काढलं. तिथे एका नव्या औषधाची चाचणी सुरू होती आणि ताई तिच्या निकषांत बसत होती. दर तीन आठवड्यांनी जावं लागणार होतं. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. भातकुलीला, तिच्या सासरी, शेतातली शेवंती तोडणीला आली होती, भाऊजी एकटे पडले असते. मी अकोल्याहून फोनवर पुष्कळ समजावलं. तिने विषय बदलला.

काही महिन्यांनी तीच चाचणी अकोल्याच्या एका रुग्णालयातही सुरू झाली. मला ते शेजारणीकडून कळलं. तिचा भाऊ तिथे उपचाराला जायचा. ताईला कळवलं तर म्हणाली, "अकोला म्हंजे तुह्या घरी. येतो मंग."

तिथल्या डॉक्टर बाईंनी सावकाश समजावून सांगितलं. अर्ध्या लोकांना नवं औषध मिळणार, अर्ध्यांना नेहमीचं. कोणाला कोणतं, ते डॉक्टरांच्या हातात नव्हतं. संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणार होता.

"म्हंजे इथं येऊन बी मले जुनंच भेटू शकते?" ताईने विचारलं.

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तुम्हाला वाटेल तेव्हा सोडता येईल. त्यामुळे तुमचे उपचार थांबणार नाहीत."

ताईने तिथे लगेच सही केली नाही. जठारपेठेत माझ्याकडे जेवली, गावी गेली, पुढच्या आठवड्यात परत येऊन सही केली.

तिच्या वाट्याला जुनंच औषध आलं. मला फसल्यासारखं वाटलं. जे अमरावतीत मिळतं त्यासाठी अकोल्याला कशाला जायचं, असं भाऊजींचं म्हणणं पडलं. तेही खोटं नव्हतं. ताई म्हणाली, "तिथं मले गर्दीत कोनी इचारत नाई. इथची नर्स घरी फोन करून इचारते, जेवली का, हातापायाले मुंग्या येतात का. मी जाईन."

मग ती एसटीने यायची, औषधाच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी. तिच्या लग्नानंतर आम्ही दोघी इतक्या वेळा एका छताखाली राहिलो नव्हतो. औषध चढवून आल्यावर ती बोलता बोलता झोपून जायची. एकदा उलटी झाली, तेव्हा मी पाठीवर हात ठेवला. तिने तो बाजूला केला. नंतर स्वतःच माझ्या खांद्याला टेकली.

वर्षाहून जास्त काळ आजार होता तिथेच राहिला. मग स्कॅनमध्ये थोडा वाढलेला दिसला आणि नियमाप्रमाणे चाचणीतलं औषध बंद झालं. आता दुसरं औषध अमरावतीतच मिळतं. शेवटच्या भेटीत मी विचारलं, नवं औषध जास्त चांगलं निघालं का. सगळ्यांचे निकाल एकत्र आल्याशिवाय सांगता येणार नाही, त्याला वर्षं लागतील, असं डॉक्टर म्हणाल्या.

"कळलं की आमालेबी सांगजा," ताई म्हणाली.

आता तिला अकोल्याला यायचं कारण उरलेलं नाही. तरी मागच्या महिन्यात आली, दोन दिवस राहिली. कशी आहेस, असं मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. बाजारात जाऊन माझ्यासाठी दोन गाऊन घेऊन आली.