गेमचा पास

लहरीपुऱ्यातल्या गेमच्या दुकानातल्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलण्याआधी त्या हातातली डिस्कची डबी नखाने टकटक वाजवत.

माझ्या आवडत्या गेमचा नवा भाग आला होता. दरमहा पैसे भरून हवे ते गेम खेळू देणारं सबस्क्रिप्शन चालू ठेवू की तो विकतच घेऊ, असं मी त्यांना विचारलं. सबस्क्रिप्शन फुकट जाऊ नये म्हणून मी ऑफिसातून कितीही दमून आले तरी रोज खेळायला बसत होते.

टकटक झाली, मग त्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "बेन, गरब्याचा पास काढला की पाय दुखले तरी जाता ने?"

"जावंच लागतं! पास वसूल करायचा असतो."

"मग विकतच घ्या. गेम कुठे पळून जात नाही."

सबस्क्रिप्शन बंद करून नवा भाग विकत घेतला आणि त्या संध्याकाळी गेम न लावता खुशाल झोपले.